बारा ते चारची जागल: एका जहाज अधिकाऱ्याच्या घरचं प्रकरण

डिसेंबरातला शुक्रवार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्रभर वावरात असलेला एकसष्ट वर्षांचा शेतकरी सकाळी साडेसहाला मोटरच्या खोपडीपाशी आडवा पडलेला सापडला. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, शब्द फुटेना. लकवा. त्या घडीला त्याचा धाकटा मुलगा एका क्रूझ जहाजाच्या केबिनमध्ये झोपला होता. तिथं अजून गुरुवारच होता, रात्रीचे नऊ. सेंट मार्टेन बेटाचा धक्का सोडून जहाजाला चार तास झाले होते आणि पुढचं बंदर, मायामी, रविवारी पहाटे लागणार होतं. मध्ये नुसतं पाणी.

मी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवतो. हा मुलगा माझ्या वर्गातला, आणि त्याचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. घरच्यांना विचारून लिहितो आहे. नाव, गाव, कंपनी देत नाही. घरी त्याला लहाना म्हणतात, मीही तेच म्हणेन. मोठा भाऊ तो थोरला.

गाव त्याला कॅप्टन म्हणतं

गावाला दोनच प्रकारची जहाजं माहीत. एक नेव्हीचं, बंदूकवालं. दुसरं गोव्याच्या पोरांचं, जिथं वेटर लागतात. लहाना या दोन्हींत बसत नाही. तो सेकंड ऑफिसर आहे, खांद्यावर दोन पट्ट्या, काम ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीत. क्रूझवर भारतीय खूप असतात, पण बहुतेक किचन, हाउसकीपिंग आणि रेस्टॉरंटमध्ये. ब्रिजवर आजही युरोपीय मंडळी जास्त दिसतात. लहान्याच्या वागण्यातली एक गोष्ट समजायला हे लक्षात ठेवावं लागेल.

रस्ता नेहमीचाच. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये ६० टक्के आणि इंग्रजीत ५० टक्के लागतात, ते होते. इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा दिली, एक वर्षाचा नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा केला, मग अठरा महिने कॅडेट म्हणून कोळसा-लोखंड वाहणाऱ्या बल्क कॅरियरवर गंज खरवडला. पुढे सेकंड मेटची परीक्षा, थर्ड ऑफिसर, आणि प्रवासी जहाजासाठी लागणारं गर्दी सांभाळण्याचं वेगळं प्रशिक्षण. या सगळ्यात दोन एकर वावर गहाण गेलं. (पोरं विचारायला येतात म्हणून सांगून ठेवतो: फी भरण्याआधी डोळे तपासा, रंगांधळा असलात तर ब्रिज विसरा; आणि नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याकडे डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या खात्याचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना आहे का ते त्या खात्याच्या संकेतस्थळावर बघा. परवाना नसेल तर चहासुद्धा पिऊ नका.)

काम काय असतं

फोटो पाहणाऱ्याला वाटतं, पोरगं कॅरिबियनमध्ये मजा करतं. लहान्याचं जहाज दर रविवारी मायामीहून सुटायचं. सोमवार समुद्रात, मंगळवारी पोर्तो रिकोचं सान हुआन, बुधवारी सेंट थॉमस, गुरुवारी सेंट मार्टेनचं फिलिप्सबर्ग, मग शुक्रवार-शनिवार समुद्रात आणि रविवारी परत मायामी. सकाळी हजारो प्रवासी उतरणार, दुपारपर्यंत नवे हजारो चढणार, संध्याकाळी दोर सुटणार. हेच चार महिने. सेंट थॉमस त्याने मुख्यतः ब्रिजच्या काचेतून पाहिलंय.

त्याची वाच बारा ते चार. दुपारी बारा ते चार, आणि रात्री बारा ते चार. 'वाच' हा शब्द आमच्याकडे घड्याळाचा, पण जहाजावर त्याचा अर्थ जागल. चार तास पहारा, आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास. सुट्टी म्हणायची इतकंच. त्यात बंदरात शिरताना-निघताना दोरांवर उभं राहणं येतं, लाइफबोटींची तपासणी येते, आगीची कवायत येते, नकाशांची दुरुस्ती येते. नवे प्रवासी चढले की आणीबाणीत कुठे जमायचं ते दाखवायची मस्टर ड्रिल असते. पूर्वी ती निघाल्यावर २४ तासांत केली तरी चालायचं. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटापाशी कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर गेलं आणि ३२ माणसं मेली. जहाजावरचे कित्येक प्रवासी आदल्या काही तासांत चढलेले होते, त्यांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला: जहाज सुटण्याआधी किंवा सुटता सुटता कवायत झालीच पाहिजे.

त्या अपघातानं ब्रिजवरच्या बोलण्यालाही शिस्त लावली. कप्तान किनाऱ्याच्या फार जवळ जातोय हे ब्रिजवरच्या लोकांना दिसत होतं, पण त्याला ठामपणे अडवलं कुणी नाही. आज बहुतेक क्रूझ जहाजांवर एका वाचेला दोन अधिकारी असतात. एक जहाज चालवतो, दुसरा त्याच्यावर नजर ठेवतो. पहिला जे करणार ते आधी मोठ्यानं सांगतो, दुसरा ते शब्दांनी परत म्हणतो. आकडा सांगितला की आकडाच परत यायला हवा. नुसत्या 'हो'ला किंमत नाही. आणि धाकट्यानं थोरल्याची चूक तोंडावर सांगणं हा तिथं उद्धटपणा नाही, ती नोकरीच आहे. लहाना सुट्टीत आला की हे हसत सांगायचा. म्हणायचा, "सर, आपल्या घरी असं कोनी बोललं त रात्री जेवाले भेटनार नाही."

त्याच्या बाबांना हे सगळं समजावायची गरजच पडली नव्हती. शेतीची थ्री फेज लाईन पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी लागली की डबा, बॅटरी, काठी घेऊन वावरात जायचं, मोटर सुरू करायची, दोन-तीन तासांनी स्प्रिंकलरच्या नळ्या उचलून पुढच्या पट्ट्यात लावायच्या, मधल्या वेळात रानडुकरं हाकलायची. पहाटे दोन वाजता गुडघ्यापर्यंत ओल्या पँटीत नळ्या बदलणाऱ्या माणसाला बारा-चारची वाच काय असते ते सांगायला लागत नाही. फरक एकच. लहान्याच्या जागलीत दर गोष्टीची वेळ लॉगबुकात लिहिली जाते. बाबांच्या जागलीची नोंद कुठंच नसते.

पुढचं सगळं या फरकावर येऊन ठेपलं.

त्या रात्री, दोन्हीकडे

बाबा गुरुवारी रात्री अकराला डबा घेऊन निघाले. पहाटे पाचच्या सुमारास धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्यानं त्यांच्याशी दोन शब्द केले. बाबांनी तंबाखू मागितली, त्यानं दिली. शेजारी घरी जाऊन, फोन बंद करून झोपला. साडेसहाला थोरला चहा घेऊन गेला तेव्हा बाबा पडलेले. सव्वासातला तालुक्याचं रुग्णालय, तिथून पुढे पाठवलं, साडेआठला जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि नऊच्या आत सीटी स्कॅन झाला. रक्तस्राव नाही, गुठळी. आमच्या भागाच्या मानानं हे फार लवकर झालं. थोरल्यानं गाडी ज्या वेगानं हाणली, त्याला मी सलामच करतो.

डॉक्टरांनी एकच गोष्ट दोनदा विचारली: "शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?" लकव्यात मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. सुरुवात कुणी पाहिली नसेल तर ज्या वेळी माणूस शेवटचा ठीक दिसला, तिथून घड्याळ मोजतात. थोरल्यानं खरं ते सांगितलं, "रात्री अकराले, डबा घेऊन गेले तवा." अकरापासून मोजले तर दहा तास होत आले होते. इंजेक्शन दिलं नाही, आणि त्या माहितीवर डॉक्टरांचं बरोबरच होतं.

शेजारी संध्याकाळी दवाखान्यात आला आणि रडत म्हणाला, पाच वाजता तर बोलले माझ्याशी. पाच वाजले धरले असते तर साडेनऊपर्यंत वेळ होता. इंजेक्शननं गुण आलाच असता असं कुणी सांगू शकत नाही. पण विचार तरी झाला असता. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

आता दुसरी बाजू. दवाखान्याच्या ओट्यावर माय, थोरला, थोरल्याची बायको, दोन काका आणि मी. पहिला ठराव मायचा: "लहान्याले सांगू नोका. तो पान्यात हाय. आयकून करन काय?" कुणी विरोध केला नाही. मीही नाही. या बोलण्यात तथ्य नाही असं नाही. रविवारपर्यंत तो खरोखरच काही करू शकत नव्हता. उगाच पोराचा जीव टांगणीला कशाला? थोरल्यानं फक्त विचारलं, "हेलिकॉप्टर येत नाही का तिकडे?" तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरं येतात, पण जहाजावरच्या आजाऱ्यासाठी. घरी आजारी असलेल्याच्या मुलासाठी नाही.

सव्वानऊला पुण्यातल्या एका चुलत भावानं, ज्याला ठराव माहीत नव्हता, लहान्याला मेसेज टाकला: "बाबांची तब्येत आता कशी आहे रे?"

जहाजावर पावणेबारा वाजले होते. लहाना वाचेसाठी उठला, बूट घातले, फोन उघडला, वाचलं. घरी लावला तर मायनं उचलला नाही. थोरल्यानं उचलून "काही नाही, बीपी वाढला होता, सलाइन चालू हाय, तू ड्यूटी कर" असं सांगितलं. लहाना म्हणतो, "दादाच्या आवाजावरूनच समजलं. बीपीनं कोनी रात्रीतून जिल्ह्याले जाते का?" मग त्यानं फोन केबिनमध्ये ठेवला आणि बाराला पाच कमी असताना ब्रिजवर जाऊन चार्ज घेतला. कुणाला काही बोलला नाही.

मी त्याला नंतर विचारलं, का नाही सांगितलं? त्यानं तीन कारणं दिली. दोन खरी वाटली. एक, फर्स्ट ऑफिसरच्या बढतीसाठी त्याचा अहवाल त्याच महिन्यात जाणार होता. दोन, वाचेवर तो एकटा भारतीय. "घरचं रडगाणं घेऊन आला" असं व्हायला नको होतं. तिसरं कारण, मन कामात गुंतेल. हे त्यानं स्वतःला सांगितलेलं असावं.

रात्री साडेबारानंतर, पोर्तो रिकोच्या उत्तरेला, जिथं समुद्र आठ हजार मीटरहून खोल जातो त्या पट्ट्याकडे जहाज सरकत होतं. जोडीच्या अधिकाऱ्यानं रडारवर उजवीकडून आडवं येणारं एक जहाज दाखवलं आणि सांगितलं, सर्वांत जवळचं अंतर ०.६ मैल. टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे आहेत. त्यातला पंधरावा सांगतो की इंजिनावर चालणारी दोन जहाजं एकमेकांना आडवी जात असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं आहे, त्यानं वाट द्यायची. म्हणजे लहान्यानं. अवघड काही नव्हतं, रोजचंच. वेळही पुष्कळ होता. लहाना म्हणाला, "हं."

जोडीदारानं आकडा परत सांगितला. लहाना परत "हं."

मग तो वरिष्ठ युरोपीय अधिकारी शांतपणे म्हणाला, सूत्रं आता माझ्याकडे. लहान्यानं हे वाक्य मात्र नियमानं परत म्हटलं, सवयीनं. जहाज उजवीकडे वळलं, समोरचं जहाज आरामात पुढून निघून गेलं. खाली डेकवर प्रवासी नाचत होते, त्यांना कळण्यासारखं काही घडलंच नाही. मग त्या अधिकाऱ्यानं विचारलं, "तू इथं नाहीस. कुठं आहेस?" लहान्यानं सांगितलं. पाच मिनिटांत स्टाफ कॅप्टन, म्हणजे कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी, ब्रिजवर. लहान्याला वाचेवरून उतरवलं. लॉगबुकात नोंद झाली: अमुक वाजता, अमुक कारणानं बदल. बढतीवर त्याचा परिणाम झाला नाही. उलट स्टाफ कॅप्टन जे बोलला त्याचा सारांश लहान्यानं मला असा सांगितला, की आजारी बापाची बातमी आणणं ही चूक नव्हती, ती खिशात ठेवून चार्ज घेणं ही चूक होती. चार्ज घेणारा माणूस काम करण्याच्या स्थितीत आहे, हे त्याच्या तोंडूनच कळायचं असतं.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते या जुळणीनं. त्याच तासाला दवाखान्याच्या ओट्यावर आम्ही सहा जण मायेपोटी गप्प होतो आणि तिकडे लहाना अभिमानापोटी. दोन्हीकडे ज्याला ऐकायची गरज होती त्याला कुणी बोललं नाही. आणि तंबाखू देणारा शेजारी झोपला होता.

तो लगेच का येऊ शकला नाही

"कंपनी सोडत नसंन," असं गावात सगळे म्हणत होते. कंपनीनं अडवलं नाही. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६ हा खलाशांच्या कामाच्या अटींचा करार २०१३ पासून लागू आहे, भारतानंही तो मान्य केलेला आहे. घरच्या गंभीर कारणासाठी खलाशाला नेहमीपेक्षा कमी मुदतीची नोटीस देऊन, दंडाशिवाय, करार सोडता येतो, असं त्यात आहे. तिकीट कुणाच्या खिशातून, ते ज्याच्या त्याच्या करारपत्रात बघायचं. लहान्याच्या करारात आईवडील गंभीर असतील तर कंपनीनं द्यायचं असं होतं. त्याला ते माहीत नव्हतं! सही करताना पगाराचं पान वाचलं होतं, बाकीचं नाही.

अडचण दुसरीच असते, आणि ती गणिताची आहे. त्याच मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शननुसार खलाशाला २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. दिवसाच्या विश्रांतीचे दोनहून जास्त तुकडे चालत नाहीत आणि त्यातला एक सलग सहा तासांचा हवा. आठवड्याचे १६८ तास. ७७ वजा केले तर काम जास्तीत जास्त ९१ तास. तीन वाचा असताना प्रत्येकाचं पहाऱ्याचं काम ५६ तास, वरची कामं धरूनही जमतं. समजा एक वाच मोकळी पडली आणि बाकीच्या दोघांनी सहा तास काम, सहा तास सुट्टी असं वाटून घेतलं. पहारा ८४ तासांवर जातो. उरले सात तास. त्यात सात दिवसांच्या कवायती, बंदरांचे दोर आणि कागदपत्रं बसवून दाखवा! शिवाय सहा तासांच्या सुट्टीत चार्ज द्यायला दहा मिनिटं उशीर झाला की सलग सहा तासांचा नियम तिथंच मोडला. छोट्या मालवाहू जहाजावर एक अधिकारी कमी झाला तर असं होतं, म्हणून तिथल्या पोराला बदली येईपर्यंत थांबवतात. लहाना क्रूझवर होता, वाचेला दोन अधिकारी होते, म्हणून स्टाफ कॅप्टननं एका थर्ड ऑफिसरला वर ओढून मायामीपर्यंत निभावून नेलं. आम्ही नशीब म्हणतो त्यातलं बरंचसं जहाजावर किती माणसं आहेत यावर ठरलेलं असतं.

गुरुवारी संध्याकाळी पाचपूर्वी कळलं असतं तर? सेंट मार्टेनला मोठं विमानतळ आहे. पण तेव्हा घरी मध्यरात्र उलटून गेली होती आणि बाबा ठणठणीत होते, तेव्हा हा विचार फुका. शुक्रवार-शनिवार त्यानं केबिनमध्ये, जहाजाच्या ऑफिसमध्ये आणि फोनवर काढले. मायामीत तो रविवारी सकाळी इमिग्रेशनच्या तपासणीनंतर उतरला. खलाशांच्या व्हिसावर जहाज सोडून विमान पकडायला २९ दिवसांपर्यंतची मुभा मिळते, त्यामुळे तिथं अडलं नाही. संध्याकाळचं विमान, मध्ये एक बदल, मंगळवारी मुंबई, मग नागपूर, मग दीडशे किलोमीटर गाडीनं. मंगळवारी दुपारी तो दवाखान्यात पोचला तेव्हा बाबा आयसीयूतून बाहेर आलेले होते.

बाबांनी ओळखलं. बोलता येत नव्हतं. डाव्या हाताचा अंगठा हवेत दाबून दाखवत राहिले, पुन्हा पुन्हा. लहान्याला कळेना, त्याला वाटलं पाणी मागतात. थोरला म्हणाला, "मोटर बंद केली का म्हनून पुसतात." आणि बाबांना म्हणाला, "केली बाबा, त्याच दिवशी केली."

पैसे, दिवस आणि भांडं

पहिले आठ दिवस दोघे भाऊ बरे होते. नवव्या दिवशी भांडण झालं. मी मुद्दाम लिहितो, कारण अशी भांडणं घरोघरी होतात आणि प्रकरण लिहिताना ती गाळली जातात. लहान्यानं नागपूरला मोठ्या दवाखान्यात न्यायचं काढलं, पैसे मी देतो म्हणाला. थोरला उसळला: "तू पैशे धाडतं, भांडं मी धरतो. तुले काय लागते बोलाले?"

दोघांचंही हिशेबात बसत होतं. लहान्याच्या करारात पगार फक्त जहाजावरच्या दिवसांचा. उतरला की मीटर बंद. दोन एकरांचं कर्ज अजून बाकी. थोरल्याकडे सात एकर कोरडवाहू आणि तीन एकर ओलित, वेचणीला माणूस मिळत नाही, कापूस अर्धा वावरातच. बाबांच्या बीपीच्या गोळ्या दिवाळीपासून बंद होत्या, हे या भांडणात पहिल्यांदा बाहेर आलं. "कापूस विकला की आनू," असं बाबा म्हणाले होते आणि थोरल्यानं ऐकून घेतलं होतं. लहान्याला दर फोनवर "चालू हाय" सांगितलं जात होतं. त्याच्या खात्यातून त्या गोळ्या वर्षभर आल्या असत्या तरी त्याला जाणवलं नसतं.

त्यात कराची भानगड. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस किंवा जास्त राहिलं की माणूस निवासी ठरतो आणि परदेशातला पगारही इथं करपात्र होतो. म्हणून जहाजावरचे लोक बाहेरचे १८४ दिवस पुरे करायला बघतात. लहान्याचे एप्रिल ते जून ९१ आणि सप्टेंबर ते डिसेंबर ८५, मिळून १७६ झाले होते. आठ कमी. करार पूर्ण झाला असता तर प्रश्नच नव्हता. आता ३१ मार्चच्या किमान आठ दिवस आधी देश सोडला तरच जमणार होतं. थोरल्याला हे सांगितलं तेव्हा तो बघतच राहिला. बाप अंथरुणाला आणि भाऊ आठ दिवस मोजतोय! मला त्याचा राग समजला. पण कर्जाचा हप्ता त्याच पगारातून जात होता, हेही खरं.

फिजिओथेरपीसाठी नागपूरऐवजी जिल्ह्याचं ठिकाणच ठरलं, आठवड्यातून तीनदा, गाडीभाडं लहान्याकडे. वेचणीला वर्ध्याकडून मजूर आणले, त्यांची मजुरी लहान्यानं दिली आणि कापसाचे पैसे थोरल्याच्या खात्यात गेले. भांडणातून एवढं निघालं. लहान्यानं रात्रीचं ओलित स्वतः केलं, जानेवारीभर. बारा ते चार तर तो जागाच असायचा, शरीराचं घड्याळ तिकडंच होतं.

खोपडीतली वही

एक गोष्ट त्यानं कुणाला न विचारता केली. मोटरच्या खोपडीत खिळ्याला दोरीनं एक वही बांधली, शंभर पानी. जो रात्री ओलिताला असेल त्यानं नळ्या बदलल्या की वेळ टाकायची. थोरला हसला. शेजारी, तोच, आता स्वतःच्या खोपडीतही वही ठेवतो आणि पहाटे निघताना हाक मारून उत्तर आल्याशिवाय जात नाही. घरात देवघराशेजारी एक कागद चिकटवला आहे. त्यावर जहाजाचं नाव, लहान्याचा कर्मचारी क्रमांक, कंपनीचा आणीबाणीचा फोन, एजंटचा फोन, आणि वर मोठ्या अक्षरात: "आधी मले सांगा." थोरल्याच्या मुलीला बाबांचं बीपी मोजून लिहायचं काम दिलंय, ती सातवीत आहे आणि फार कडक आहे.

२२ मार्चला लहाना गेला. बाबा आता काठीनं ओट्यापर्यंत येतात. शब्द सुटे सुटे येतात, "लाईन" आणि "चा" स्पष्ट.

हे लिहून झालं, ते मायला वाचून दाखवायला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो. तिचा डावा हात पदराखाली होता. गोठ्यात पाय घसरून मनगट मोडलंय, सहा दिवसांपासून प्लास्टर आहे. व्हिडिओ कॉलवर ती हात पदरातच ठेवते. "त्याले सांगू नोका सर," म्हणाली, "मुक्कामार हाय नुसता." कागद तिच्या डोक्यामागेच चिकटवलेला होता. मी म्हटलं, माय, मी हेही यात लिहिणार आहे, आणि आधी त्याला कळवणार आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. नातीनं मोजून ठेवलेल्या बीपीच्या आकड्यांकडे पाहत राहिली. मग विचारलं, "आता तिकडे किती वाजले असन?"

सकाळचे अकरा वाजले होते. म्हटलं, रात्रीचा दीड.

"मंग वाचेवर असन तो," माय म्हणाली. "चार वाजल्यावर धाडा."